प्रस्तावना : नकाशावरची रिकामी जागा

मद्रासजवळच्या पल्लावरमच्या लष्करी मैदानावर मुरमासाठी कुणी खड्डा खणला नसता, तर भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास कदाचित आणखी काही वर्षे सुरूच झाला नसता. ३० मे १८६३ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला रॉबर्ट ब्रूस फूट हा तरुण अधिकारी तिथला जांभ्याचा मुरूम तपासत होता. खड्ड्यातून बाहेर फेकलेल्या राड्यात त्याला क्वार्टझाइटचा एक दगड दिसला. तो निसर्गाने झिजवलेला नव्हता, माणसाने घडवलेला होता. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यातल्या अशाच दगडांना विद्वानांनी प्राचीन माणसाची हत्यारे म्हणून मान्य केले, त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. ती चर्चा फूटला माहीत होती, म्हणून त्याची नजर त्या दगडावर थबकली. पुढे २८ सप्टेंबरला तो आणि त्याचा सहकारी विल्यम किंग मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) वायव्येला अत्तिरम्पाक्कम गावाजवळच्या ओढ्यात उतरले आणि तिथे त्यांना हत्यारांचे मोठे ठिकाणच सापडले.

पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग एक तारीख म्हणून येतो. गवेषण करू पाहणाऱ्याने तो दुसऱ्या कारणासाठी ध्यानात ठेवावा. पल्लावरमचा दगड युगानुयुगे मातीखाली होता. तो उजेडात आला तो कुणाला तरी मुरूम हवा होता म्हणून. ज्या कुदळीने तो उघडा पडला, तिनेच त्याला त्याच्या थरातून उपटून ढिगावर टाकले. चेन्नईच्या परिसरात गेली दीडशेहून अधिक वर्षे हेच चालू आहे. रस्ता, तलाव, कालवा, वीटभट्टी, कारखाना, प्लॉट: प्रत्येक कामाने जमीन उघडी केली आणि झाकलीही. या भागाच्या पुरातत्त्वीय नकाशावर जिथे ठिपके आहेत, तिथे कुणाला तरी काही सापडले एवढे आपण म्हणू शकतो. जिथे ठिपका नाही, तिथे माणूस नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. तिथे कुणी गेलेच नसेल, गेले तरी जमीन दिसली नसेल, किंवा दिसलेली जमीन कालपरवाच बाहेरून आणून टाकलेली असेल. ही रिकामी जागा वाचायची कशी, हा पुढच्या पानांचा विषय आहे. पृष्ठभागाच्या सर्वेक्षणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्नही माझ्या मते हाच आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्या विद्यार्थ्याला चेन्नईच्या शिवारात पहिले काही दिवस चुकल्यासारखे होते. आपला डोळा पांढरीच्या टेकाडांवर तयार झालेला असतो. गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या काठाने चालताना काळ्या रानाच्या मधोमध राखी-पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसतो, त्याच्या घळीतून खापरे बाहेर आलेली असतात, गावकरीही ‘ही जुनी पांढर’ म्हणून हात दाखवतात. इथे तसे काही नजरेत भरत नाही. जमीन सपाट, समुद्राकडे हळूहळू उतरणारी. थोड्या थोड्या अंतरावर एरी, म्हणजे मातीची लांब पाळ घालून अडवलेले तलाव. एका एरीचा सांडवा दुसरीला पाणी देतो. वस्त्यांनी जागा फारशा बदललेल्या नाहीत, त्यामुळे जुने गाव बहुधा नव्या गावाखालीच असते. अश्मयुगीन हत्यारे तर मुरमाच्या थरात, ओघळींत आणि टेकड्यांच्या पायथ्याच्या गोट्यांत मिसळलेली.

हंगामही उलटा. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस सरला की गवेषणाला निघायचे. चेन्नईत ऐन दिवाळी पावसात असते, कारण इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. पोंगलच्या सुमारास भाताची कापणी होते आणि मग शेते मोकळी दिसू लागतात. मे-जूनमध्ये तलावांचे तळ आटतात, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेली जमीन पायाखाली येते. मुरमाड माळ मात्र पाऊस थांबल्या थांबल्या पाहावा. पावसाने धुतलेले दगड तेव्हा लखलखीत दिसतात, महिन्याभरात धूळ आणि गवत त्यांना झाकून टाकतात. एकाच खोऱ्यातल्या तीन प्रकारच्या जमिनींना तीन वेगवेगळे महिने लागतात. सुट्टी कधी मिळते त्यावर मोहिमेचे वेळापत्रक ठरवले, तर नकाशावर प्राचीन माणसाऐवजी आपल्या सुट्ट्यांचीच छाप उमटते.

कोसस्थलैयार नदीचे खोरे (जुन्या ग्रंथांत तिला कोर्टलैयार म्हटले आहे) हे या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण. फूटनंतर इथे अनेक जण आले आणि प्रत्येकाने तीच जमीन वेगळी वाचली. १९३५ साली हेल्मुट द तेरा आणि टी. टी. पॅटरसन यांची मोहीम भारतात आली. त्यांच्या पद्धतीचा कणा होता नदीच्या पायऱ्या, म्हणजे पात्राच्या दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्याने दिसणारे जुने सपाट काठ. काठ जितका उंच तितका जुना, आणि त्यावर सापडलेले हत्यारही तितकेच जुने, असे ते गणित. व्ही. डी. कृष्णस्वामी यांनी ही मांडणी मद्रासच्या परिसराला लावली. वडमदुरै, अत्तिरम्पाक्कम ही नावे त्यामुळे देशभरच्या अभ्यासकांच्या तोंडी झाली. मांडणी सुटसुटीत होती, शिकवायला सोपी होती. पण इथल्या जमिनीला ती पेलवत नव्हती. पावसाळी ओढे जुना मुरूम एका जागेहून उचलून दुसरीकडे पसरतात. उंचीवरून वय काढायचे तर तो थर तिथेच घडलेला असावा लागतो, आणि इथे नेमकी तीच खात्री देता येत नव्हती.

अत्तिरम्पाक्कमच्या ओढ्याकाठी मुरमाच्या खाली चिकणमातीचा जाड थर आहे. ही माती म्हणजे क्रिटेशस काळातल्या सागरी खडकाचा कुजलेला भाग, अशी समजूत पूर्वी रूढ होती. ती मानली की पुढचे आपोआप ठरते: डायनासोरांच्या काळातल्या मातीत माणसाची हत्यारे असणार नाहीत, म्हणजे जी आहेत ती वरच्या मुरमातून घसरलेली. १९६०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. डी. बॅनर्जी यांनी इथे आणि जवळच्या गुडियमच्या गुहेत उत्खनन केले. तरी खालच्या थराचा प्रश्न मिटला नाही. शांती पप्पू यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच खोऱ्यावर पीएच.डी. केली आणि १९९९ पासून चेन्नईच्या शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशनतर्फे अत्तिरम्पाक्कमला पुन्हा उत्खनन सुरू केले. कुमार अखिलेश त्यांचे सहकारी. त्यांनी ती चिकणमाती खोलवर खणली, तेव्हा त्या थरातच अश्युलियन हातकुऱ्हाडी आणि फरश्या जागच्या जागी मिळाल्या. माती सागरी नव्हती, क्रिटेशस तर नव्हतीच. पुराच्या संथ पाण्याने थरावर थर साचलेला तो गाळ होता.

त्या हत्यारांचे वय काढण्याची पद्धत पृष्ठभागाच्या अभ्यासकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. दगड उघड्यावर पडलेला असतो तोवर अवकाशातून येणारे किरण त्यातल्या गारेत अॅल्युमिनियम आणि बेरिलियमचे किरणोत्सारी अणू तयार करतात. दगड खोल गाडला गेला की हे थांबते आणि साचलेले अणू आपापल्या वेगाने क्षय पावतात. दोहोंच्या प्रमाणावरून तो किती काळ गाडलेला आहे ते निघते. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही वये प्रसिद्ध झाली: सरासरी सुमारे १५ लाख वर्षे आणि कमीत कमी १० लाखांहून थोडी अधिक. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच जागेच्या वरच्या थरांबद्दल लेख आला. मध्य पुराश्मयुगाच्या घडणीची हत्यारे तिथे सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दिसू लागतात, असे त्यात दाखवले आहे. भारतात ही घडण बरीच उशिरा, सव्वा लाख वर्षांच्या आसपास आली, हा प्रचलित समज त्याने हलवला.

उत्खननाची ही कहाणी सर्वेक्षणाच्या पुस्तकात सांगण्याला कारण आहे. अत्तिरम्पाक्कमला जमिनीवर हत्यारे पसरली आहेत ती सुमारे पन्नास हजार चौरस मीटरवर, म्हणजे साडेबारा एकरांच्या घरात. ओघळींनी सगळा भाग चिरला आहे. ओघळीच्या तळाशी उभे राहून दोन हातकुऱ्हाडी उचलून पाहाव्यात. एकीवर लोहाचा तांबूस-तपकिरी पुट चढलेला, कडा बोथट, छिलके निघालेल्या खळग्यांमधल्या धारा बोटाला लागत नाहीत. दुसरी फिकट, जवळजवळ राखी, आणि तिच्या धारा अजून जाणवतात. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर पडलेल्या. पहिली बहुधा वरच्या जांभ्याच्या मुरमातून आलेली, दुसरी खालच्या चिकणमातीतून, आणि दोघींच्या मध्ये लाखो वर्षांचा काळ असू शकतो. दोन्ही एका पिशवीत टाकून वर ‘अत्तिरम्पाक्कम, पृष्ठभाग’ एवढीच चिठ्ठी लावली, तर कधीच अस्तित्वात नसलेली एक संस्कृती आपण तयार करतो. जुन्या संग्रहांतल्या अनेक पेट्यांची हीच स्थिती आहे. म्हणून पुट, झीज आणि दगडाला चिकटलेली माती यांची नोंद त्याच जागी, दगड धुण्याआधी व्हायला हवी.

दगड कुठून आला हेही विचारायचे असते. पल्लावरम आणि सेंट थॉमस माउंटच्या टेकड्या चार्नोकाइटच्या. हत्यारे मात्र क्वार्टझाइटची. कोसस्थलैयारच्या खोऱ्यात हा दगड अल्लिकुळ्ळीच्या टेकड्यांत गोट्यागोट्यांनी भरलेल्या खडकातून मिळतो. त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी चार फुटके गोटे दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. गोटे गडगडतानाही फुटतात. उलट जिथे हा दगड निसर्गतः नसतोच, अशा ठिकाणचा एक साधा छिलकासुद्धा कुणीतरी हाताने वाहून आणलेला असण्याची शक्यता मोठी. टेकडीजवळचे शंभर दगड कधी कधी सपाटीवरच्या एका दगडाइतकेही सांगत नाहीत.

आता या जमिनीवर अलीकडच्या काळात काय झाले ते पाहू. हेच बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकलेले असते. चेन्नईला पाणी पुरवण्यासाठी कोसस्थलैयारवर पूंडीला धरण बांधले गेले, ते १९४४ मध्ये पूर्ण झाले. खोऱ्याच्या मध्यभागाची बरीच जमीन तेव्हापासून पाण्याखाली आहे. १९९६ मध्ये कृष्णेचे पाणी तेलुगू गंगा कालव्याने पूंडीला पोहोचले. त्या कालव्याच्या खोदाईची माती दोन्ही बाजूंना ढीग होऊन पडली. अशा ढिगावर सापडलेले हत्यार खरे असते, पण त्याचा पत्ता खोटा असतो. पूंडीला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रागैतिहासिक संग्रहालय आहे. तिथली हत्यारे पाहिल्यावर बाहेर येऊन जलाशयाकडे पाहावे, म्हणजे या खोऱ्याचा किती भाग आता कुणालाच चालून पाहता येणार नाही ते कळते.

त्यानंतर गाळ. तलावांतला गाळ काढून शेतात पसरणे ही तमिळ शेतकऱ्यांची जुनी रीत. गेल्या दशकात सरकारने कुडिमरामत्तु या नावाने तलाव-दुरुस्तीला पुन्हा चालना दिली. आपल्याकडच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारखेच हे काम. पाण्याच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. पण तलावाच्या तळाशी जुनी खापरे असतील तर ती ट्रॉलीत बसून दोन-तीन कोस दूरच्या शेतात जातात आणि नांगरटीने सारखी पसरतात. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे ‘वस्ती’ सापडते. ग्रीसमधल्या बिओशियात जॉन बिंटलिफ आणि अँथनी स्नॉडग्रास यांना गावांच्या मधल्या मोकळ्या शेतांत खापरांचा विरळ सडा सर्वत्र आढळला. त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले गेले, की ही खापरे गावातल्या उकिरड्याच्या खतातून शेतात गेलेली. म्हणजे खापर जिथे पडले आहे तिथे कुणी राहत होते, असे गृहीत धरता येत नाही. शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारले तर यातले बरेच सुटते: ही माती इथलीच का? नसेल, तर कुठून आणि कोणत्या साली आणली?

मुरमाचेही तसेच. श्रीपेरुम्बुदूर, ओरगडम या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारींचे कारखाने, गोदामे आणि वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या भरावासाठी लाल मुरूम ट्रकांनी आला आणि मूळ जमिनीवर फूट-दोन फूट पसरला गेला. ज्या खाणीतून तो आला तिथे थर उघडे झाले, ज्या प्लॉटवर पडला तिथे थर झाकले गेले. हातकुऱ्हाड प्लॉटवर सापडली तरी ती खाणीची. अशा वेळी ट्रकवाल्यांशी आणि खाणीवरच्या मजुरांशी बोलणे हे कोणत्याही उपकरणापेक्षा उपयोगाचे ठरते. या भागातल्या खुरट्या रानाची सर्वांत बारीक ओळख इरुळर लोकांना आहे. उंदीर-सापांच्या बिळांमागे फिरणाऱ्या या माणसांना कुठली ओघळ कोणत्या पावसात फुटली, कुठल्या माळावर जमिनीतून दगडांचे कडे डोके काढते, हे माहीत असते. त्यांना मोहिमेत घ्यायचे तर वाटाड्या म्हणून नव्हे, त्यांची माहिती त्यांच्या नावानिशी नोंदवून आणि योग्य मोबदला देऊनच घ्यावे.

आणि वेडी बाभूळ. मराठवाड्याला ती नवी नाही. इथे तिने तलावांचे काठ, पडीक शेते आणि नदीपात्रे व्यापली आहेत. तिच्याखाली जमीन दिसतच नाही, आत शिरायचे तर कपडे आणि कातडी दोन्ही फाटतात. गवेषक वळसा घालून जातो आणि नकाशावर ती जागा रिकामी राहते. निलगिरी, काजू, सुरूच्या लागवडींखाली जमीन दिसते खरी, पण पाचोळ्याचा थर तिला झाकतो आणि खड्डे खणून केलेली लागवड तिची उलथापालथ करते.

म्हणून माझा आग्रह असा, की वस्तू शोधायला निघण्याआधी जमिनीचे वय शोधावे. प्रत्येक तुकड्याबद्दल विचारावे: आज जो पृष्ठभाग माझ्या पायाखाली आहे, तो पृष्ठभाग केव्हापासून आहे? चेन्नईचा मरीना किनारा घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्यांना अडली आणि किनारा रुंदावत गेला. बंदराच्या उत्तरेकडे रॉयपुरमच्या बाजूला तोच समुद्र जमीन खाऊ लागला. मरीनाच्या वाळूवर पल्लवकालीन काही न मिळणे हा पुरावाच नाही, कारण ती वाळू पल्लवांच्या वेळी तिथे नव्हती. दक्षिणेला साळुवनकुप्पमला उलटे घडले. २००४च्या त्सुनामीने वाळू हटवली, एका खडकावरचा कोरीव लेख उघडा पडला आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे मुरुगनचे विटांचे प्राचीन मंदिर खणून काढले. तो किनारा अभ्यासकांच्या पायाखालचाच होता.

जमिनीचा हा इतिहास काढायला साधने आहेत. १७६०-७०च्या दशकांत थॉमस बर्नार्ड या अभियंत्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चेंगलपट्टू जहागिरीची पाहणी केली. सुमारे दोन हजार गावांची जमीन, तलाव, घरे यांची नोंद त्यात आहे. कोणती एरी तेव्हा होती आणि कोणती नंतरची, हे त्यावरून ताडता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आहेत. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी घेतलेली कोरोना उपग्रहांची चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. अलीकडचे कारखाने आणि वर्तुळाकार रस्ते यांच्या आधीची चेन्नई त्यांत दिसते. ही चित्रे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहिली की कोणता तुकडा उकरला गेला, कोणता भरला गेला आणि कोणता अजून तसाच आहे हे घरबसल्या कळते. मग त्या तीन प्रकारांत मिळून चालण्याचे पट्टे वाटून घ्यायचे. फक्त सोयीच्या, मोकळ्या, रस्त्यालगतच्या जमिनीवर चालायचे नाही.

प्रत्यक्ष चालणे साधे आहे. पाच-सहा जण दहा-पंधरा मीटरचे अंतर ठेवून एका रेषेत उभे राहतात आणि दिशा न सोडता पुढे सरकतात. दर पन्नास मीटरवर थांबून नोंद करायची. कामाच्या वहीतले पान साधारण असे असावे: ‘एरीची पाळ, पूर्वेचा उतार. सकाळचे सव्वाआठ, ऊन तिरपे. वेडी बाभूळ, जमीन चार आणे दिसते. पाळीची माती बाहेरची, साल विचारायचे. छिलके शून्य, खापरे शून्य.’ पुढचे पन्नास मीटर: ‘नांगरलेले शेत, पेरणी नाही, जमीन चौदा आणे दिसते. खापरे तीन, काळी-तांबडी एक, कडा झिजलेल्या. छिलके शून्य.’ पहिले शून्य आणि दुसरे शून्य एकसारखे नाहीत. चार आण्यांचे शून्य म्हणजे ‘पाहता आले नाही’, चौदा आण्यांचे शून्य म्हणजे ‘पाहिले आणि नाही’. नकाशावर दोन्ही रिकाम्या जागा सारख्याच दिसतात, म्हणून दोन्हींना वेगवेगळे रंग द्यायचे. कोण चालत होते तेही लिहायचे, कारण नव्या डोळ्याला छिलका दिसत नाही, सरावलेल्याला दिसतो. थोडे पट्टे वेगळ्या हंगामात, वेगळ्या माणसांनी पुन्हा चालून पाहायचे. दोन फेऱ्यांच्या आकड्यांत फार तफावत पडली तर पहिल्या नकाशावर किती विसंबायचे ते आपसूक कळते.

गोळा करण्याबाबत माझे मत कडक आहे. फोटो, माप, जीपीएसचा बिंदू आणि वर्णन जागेवरच घ्यावे, आणि वस्तू शक्यतो तिथेच राहू द्यावी. उचलायचे तर परवानगीने आणि कारणाने. पुढच्या माणसाला तोच पट्टा तपासता यावा, यासाठी पट्टा शाबूत राहायला हवा. फूटचा संग्रह आज चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहे. १९१२ मध्ये तो वारला, पण त्याने तयार केलेली सूची १९१४ मध्ये आणि वस्तूंच्या वयावरची व प्रसारावरची टिपणे १९१६ मध्ये छापली गेली. त्यांत जागांचे वर्णन आहे, म्हणून शंभर वर्षांनीही अभ्यासक त्या जागा शोधत जाऊ शकले. जिथे काही सापडले नाही त्या जागांची वही मात्र त्याने छापली नाही, आणि आपल्यापैकीही कुणी फारशी छापत नाही.

महापाषाणांबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा मोठा विषय आहे. चेंगलपट्टूच्या माळांवर दगडांची कडी, शिलाकोष्ठ आणि भाजलेल्या मातीच्या, पायांच्या शवपेट्या मिळतात. पल्लावरमलाच अलेक्झांडर री याने १८८०च्या दशकात अशा शवपेट्या उघड केल्या. सानूर, कुन्नत्तूर, अमृतमंगलम इथली उत्खनने प्रसिद्ध आहेत. कडे जमिनीच्या वर असल्याने ते शोधणे सोपे आणि मोडणेही सोपे. रस्त्याला खडी हवी असली की पहिली नजर त्यांच्याकडेच जाते. माळ प्लॉटांत वाटला गेला की चार दिवसांत सगळे कडे यंत्राने एका बाजूला ढकलले जाते. अश्मयुगीन थर निदान खोल गाडलेला असतो, या स्मारकांना तेवढाही आडोसा नाही. त्यामुळे सर्वेक्षणाचा क्रम ठरवताना आधी ती घ्यावीत.

मुंबईकर वाचकाला हे परके वाटू नये. १९३०च्या दशकात टॉड या अभ्यासकाने कांदिवलीच्या खाणींतून अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यांवर लेख छापला. आज त्या जागेवर इमारती आहेत आणि त्याचे थर पुन्हा पाहता येत नाहीत. गेल्या दशकात मुंबईतल्या अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी साष्टी बेट पायी धुंडाळले. वस्तीने गच्च भरलेल्या शहरातही देवळांच्या आवारांत, पाड्यांवर, तळ्यांच्या काठांवर कोरीव दगड आणि शिल्पे नोंदवता आली. मेक्सिको शहराच्या खोऱ्यात १९६० ते १९७५ या काळात विल्यम सँडर्स, जेफ्री पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच सर्वेक्षण केले. ते पायी फिरले त्यातला बराचसा भाग आता शहराखाली आहे आणि त्यांच्या नोंदी हाच त्या जमिनीचा उरलेला पुरावा आहे. उत्तर कर्नाटकात हुणसगी-बैचबाळच्या खोऱ्यांत डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९७०च्या दशकापासून वर्षानुवर्षे ओढा-ओढा पालथा घातला. तिथले इसामपूरचे हत्यारे घडवण्याचे ठिकाण वरची काळी माती पाटबंधाऱ्याच्या कामासाठी उचलली गेल्याने उघडे झाले होते. एकाच खोऱ्याला इतकी वर्षे देणारा अभ्यासक तिथे येत-जात नसता, तर ते कुणाच्या ध्यानात आले असते असे मला वाटत नाही.

चेन्नईला आज अशाच लक्षाची गरज आहे, आणि ती तातडीची आहे. एन्नोर बंदरापासून मामल्लपुरमजवळच्या पूंजेरीपर्यंत सुमारे १३३ किलोमीटरचा बाह्य वर्तुळाकार रस्ता होतो आहे. तो तिरुवळ्ळूर आणि श्रीपेरुम्बुदूरच्या बाजूने, म्हणजे कोसस्थलैयारचे खोरे, जांभ्याचा मुरूम आणि महापाषाणांचा माळ या तिन्हींना छेदत जातो. परांदूरला नव्या विमानतळाची योजना आहे, तिच्या हद्दीत तलाव आणि शेते आहेत. रस्त्याच्या कापणीत जो उभा छेद दिसतो तो उत्खननाने मिळवायचा म्हटला तर अनेक हंगाम लागतील. कापणी झाल्यापासून उताराला माती लावून गवत चढेपर्यंत तो जेमतेम काही आठवडे उघडा राहतो. त्या आठवड्यांत तिथे टेप, कॅमेरा, रंगतक्ता आणि वही घेऊन कुणीतरी उभे असायला हवे. त्यासाठी कंत्राटदाराच्या वेळापत्रकाची प्रत आधी हातात हवी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांचे पट्टे यंत्रे येण्याआधी चालून झालेले हवेत. कामाला लागायचे असेल तर सुरुवात तिरुवळ्ळूरच्या बाजूने करावी. भाताची कापणी झाली की फेब्रुवारीपासून तिथली शेते मोकळी असतात.